करंज्याहून येणारी पत्रं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बोलायला बसलो की दुसरंच काहीतरी सांगून उठतो. आज लिहून बघतो. लिहिताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, तेवढं बरं.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली — सुटली म्हणजे मीच सोडली — आणि नव्वदीच्या दशकात मावसभावाच्या मागे पनवेलला आलो. तो बांधकामावर मुकादम होता. वर्षभरात तो सुरतेला गेला, मी इथेच राहिलो. ओळखीचं कुणी नाही. गावाहून पत्र यायचं नाही, कारण आईला लिहिता येत नव्हतं आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायला ती लाजायची. अशा वेळी सरांनी मला ठेवून घेतलं.

सर एका कंपनीत इंजिनिअर होते. नवीन पनवेलला वर त्यांचं घर, खाली एक खोली. त्या खोलीत कॉम्प्युटर ठेवून ते संध्याकाळी स्वतःचं काम करायचे. त्यांनी मला टायपिंग शिकवलं, त्याच खोलीत खाट टाकून दिली. रविवारी वहिनी वर जेवायला बोलवायच्या. आमटी एखाद्या वेळी खारट झाली तर मी ती पुन्हा मागून घेत असे. हे का सांगतोय? माहीत नाही. पण मी तसा माणूस होतो, एवढं तुम्हाला ठाऊक असावं.

सरांनी मराठीत पत्रं आणि याद्या लिहायचा एक प्रोग्रॅम केला होता. तो ते फुकट वाटायचे. नुसता प्रोग्रॅम नाही — तो ज्या ओळींनी बनला होता त्या सगळ्या ओळीही त्याच फ्लॉपीवर. कुणीही उघडाव्यात, बदलाव्यात, सुधारून परत पाठवाव्यात. ‘ओपन सोर्स’ हा शब्द तेव्हा नुकताच त्यांच्या तोंडी यायला लागला होता. मला त्यातलं काही कळायचं नाही. आपण केलेली वस्तू आतून उघडून लोकांच्या हातात का द्यायची? पण सर देत होते. फ्लॉप्या पोस्टात टाकणं आणि आलेली पत्रं वाचून लावणं हे माझं काम.

“सगळी पत्रं माझ्यापर्यंत नको आणूस,” सर म्हणाले. “महत्त्वाचं असेल तेवढं रविवारी दे.”

महत्त्वाचं काय, ते मी ठरवायचं होतं.

मी चपलांचे चार खोके आणले. पहिल्यात कोड पाठवणारे — पुण्याचा एक कॉलेजातला मुलगा, नाशिकचे एक प्राध्यापक. ही माझ्या लेखी मोठी माणसं. दुसऱ्यात इंग्रजी शब्द मराठीत करून देणारे, प्रोग्रॅम कसा वापरायचा ते लिहून पाठवणारे. तिसऱ्यात कौतुक करणारे. ती पत्रं मी सर्वांत वर ठेवायचो. आणि चौथ्यात चुका काढणारे. फुकट मिळालेल्या वस्तूत चुका काढायच्या? मला त्यांचा राग यायचा.

सुरुवातीला चौथ्यातलं एक पत्र मी सरांना दिलं होतं. ते वाचून गप्प झाले. दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत, वर जेवायला गेले तरी लगेच खाली. मी घाबरलो. कंटाळून यांनी हे सगळं बंद केलं तर? मग ही खोली, ही खाट — मी कुठे जायचं? त्यानंतर चौथा खोका खाटेखाली गेला. सरांना त्रास नको म्हणून, असं मी मनाला सांगत होतो.

त्या खोक्यात सर्वांत जास्त पत्रं सुमनताईंची. उरणजवळ करंज्याच्या बंदरावर मच्छीमारांची एक सोसायटी होती, तिथे त्या कारकून होत्या. सभासदांची यादी त्यांनी आमच्या प्रोग्रॅममध्ये घातली होती. पहिल्या पत्रात एवढंच होतं — यादी लांब झाली की शेवटचं पान छापून येत नाही. दुसऱ्या पत्रात, किती ओळींपर्यंत येतं आणि कधी येईनासं होतं. तिसऱ्यात पेन्सिलीने आखलेला तक्ता: काय केलं, काय झालं. खाली एक ओळ — ‘आज होड्या बाहेर आहेत, ऑफिसात निवांत आहे, म्हणून पुन्हा तपासून पाहिले.’

मी उत्तर पाठवलं. सरांच्या नावाच्या कागदावर, खाली सरांची सही — मी केलेली. ‘अडचण पाहत आहोत. आणखी माहिती कळवावी.’

आणखी माहिती मला कशाला हवी होती? मी ती कुणाला देणार होतो? खरं सांगू — मला पत्र हवं होतं. दर आठवड्याला कुणीतरी लिहीत होतं. पाकिटावर नाव सरांचं, पण फोडत मी होतो. त्या बाई तपासत राहिल्या, मी वाचत राहिलो. सात-आठ महिने.

मग एका दुपारी त्या स्वतःच आल्या. चाळिशीच्या असतील. हातात कापडी पिशवी. सर त्या दिवशी रजेवर होते, वर घरातच होते.

“सायब हायेत? मी सुमन, करंज्याची.”

मी म्हटलं, बाहेर गेलेत.

“मंग बसते जरा. येष्टी चारला हाय.” त्यांनी कागद काढले. “सोमवारी सभा हाय आमची. शेवटच्या पानावर बायकांची नावं येतात, औंदाच मेंबर केलंय त्यांना. आता हातानं लिवीन मी, पन मंग मशीन कपाटात जाईल. आनि चेअरमन बोलंल, बाईच्या हातात मशीन दिलं नि बाईनं बायकाच बुडवल्या.” आणि त्या स्वतःच हसल्या.

वर वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. जिन्यातून एक हाक मारायची, बस्स. पण सर खाली आले असते आणि त्यांनी विचारलं असतं — कुठली पत्रं?

मी म्हटलं, “ताई, सरांनी तुमची सगळी पत्रं वाचली. प्रोग्रॅम बरोबर आहे म्हणाले. तुमच्याकडूनच वापरताना काहीतरी चुकतंय.”

 त्यांनी कागदांची घडी घातली. “तसंच असंल,” म्हणाल्या. “मीच चुकत असंन. सायबांना उगा तरास दिला, सांगा त्यांना.” पिशवीतून सोड्यांची, सुक्या कोलंबीची, पुडी काढून टेबलावर ठेवली. “हे द्या. घरी सुकवलेले हायेत.”

सर मासे खात नसत. मी स्टोव्हवर कांदा घालून ते सोडे केले आणि तीन दिवस पुरवून खाल्ले. चांगले होते.

पुन्हा पत्र आलं नाही. पोस्टमन यायच्या वेळेला मी दारात उभा राहायचो — कशासाठी?

काही महिन्यांनी सर म्हणाले, बंद करतोय. मी माझ्या खाटेवर बसलो होतो. “कोड पाठवणारे चार जण आहेत रे, हौशी आहेत. कौतुक करणारा एकदाच लिहितो. पण जो रोज वापरतो ना, तो गप्प बसत नाही. भांडतो, चुका दाखवतो. आठवतं, सुरुवातीला तसं एक पत्र आलं होतं? दोन दिवस काय मजा आली होती मला. त्यानंतर एक नाही. म्हणजे कुणी वापरतच नाहीये.” मग त्यांनी विचारलं, “आलं होतं का काही तसं?”

“नाही सर.”

शेवटची आवृत्ती पाठवताना त्यांनी आभाराच्या नावांची यादी मला टाइप करायला दिली. माझं नाव त्यांनी स्वतः घातलं होतं. टाइप करून झाल्यावर म्हणाले, “कुणी राहिलं नाही ना?” मी म्हटलं, सगळे आले.

सर आता पुण्याला असतात. दिवाळीला फोन करतात, तब्येत विचारतात. मी पनवेललाच आहे, टायपिंगचं छोटं दुकान चालवतो. उरणची एसटी दुकानासमोरच्या स्टँडवरून सुटते, तिथून करंजा फार लांब नाही. मी गेलेलो नाही. सुमनताई असतील तर त्यांना अजून तेच वाटत असेल, की चूक त्यांची होती.