पिकलेली माती

बंद पडलेल्या तेल डेपोत जमिनीखालच्या टाक्या गळून डिझेल मातीत मुरलं होतं. ती माती खणून ताडपत्रीवर ढीग घालायचे, खत-पाणी शिंपडायचं आणि महिनोन्‌महिने वरखाली करत राहायचं, म्हणजे मातीतले जंतू तेल खाऊन टाकतात. वास गेला की कामगार म्हणत, ढीग पिकला. तो पिकला की नाही, हे खोदयंत्र चालवणारा नाकशेठ मूठभर माती हुंगून सांगे आणि मगच नमुना तपासणीला जाई. सगळे थट्टेने त्याच्या नाकाला अर्धी प्रयोगशाळा म्हणत. हळूहळू त्यालाही ते खरं वाटू लागलं. म्हणून तर थोरल्या बहिणीने परसात वाफे करायला माती मागितली, तेव्हा तपासणीच्या निकालाची वाट न बघता त्याने पिकलेल्या ढिगातली ट्रॉलीभर माती तिच्याकडे ओतली.

एके सकाळी कामाचे कपडे चढवून तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता. तेवढ्यात बायको बाहेरून धावत आली आणि तिने गॅस बंद केला. दूध उतू जाऊन करपलं होतं. नाकासमोर दूध जळतंय आणि तुम्ही बातम्या कसल्या वाचताय, म्हणून तिने त्याला फैलावर घेतलं. त्याने कांदा चिरून हुंगला, मग साबण, मग डिझेलने माखलेली आपलीच बाही. कशालाच वास नव्हता.

नाक गेलं कधी? परवा? की ताईची माती हुंगली त्याच्याही आधी?

तो तडक ताईकडे गेला. तिची नात वाफ्यात फतकल मारून बसली होती. हाताला येईल ते तोंडात घालण्याचं तिचं वय. बी काही उगवलं नाही, तुझी माती तुझ्यासारखीच आळशी, असं ताईने हसत ऐकवलं. त्याने मूठभर माती तिच्यापुढे धरली.

"ताई, जरा हुंगून बघ."

"मी कशाला? नाकशेठ तू ना?"

"बघ म्हणतो ना."

तिने नाक मुरडलं. "अरे, तुझ्याच अंगाला डिझेलचा भपकारा येतोय. मातीचं काय कळणार?"

क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं. एवढ्यावरच सोडून द्यावं, असंही मनात आलं. पण पोरीच्या हनुवटीला माती लागलेली होती. त्याने नळाखाली साबणाने अंग खसाखसा घासलं, भाऊजींचा शर्ट घातला आणि लांब उभा राहिला.

"आता तूच घे. खोलवरची."

ताईने वाफ्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली आणि तिचं हसू मावळलं. माती टाकून तिने नातीला झटकन उचललं.

"हिने किती खाल्ली असेल रे?"

"डॉक्टरकडे चल," तो म्हणाला. "वाटेत साहेबांना फोन लावतो. मी पिकले म्हटलेले सगळे ढीग बाहेर जाण्याआधी थांबवायला हवेत."