झेडच्या खालची पुस्तकं

शांताक्का, गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत पलंग बसला, गॅसची शेगडी बसली, एक तुटकी खुर्चीसुद्धा बसली. माझी पुस्तकांची पेटी मात्र संदीपने खाली उतरवली. "आई, बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये ह्या रद्दीला जागा आहे का? टॅबवर सगळं मिळतं." मोठ्या जाऊ म्हणून तुम्ही चार शब्द बोलाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे की पेटी, शेंगा ठेवायला व्हईल." तुमचं वाचनप्रेम त्या दिवशी कळलं.

इथे आल्यावर संदीपने त्याचा जुना टॅब हातात दिला. आत हजारभर पुस्तकं. श्रीमंत कसं व्हावं, पहाटे कसं उठावं, कमी शब्दांत कसं बोलावं. हा आठला उठतो आणि बोलायला लागला की थांबत नाही. प्रत्येक पुस्तकाखाली किती वाचून झालं ते टक्क्यांत दिसतं. जिथे तिथे एक टक्का, दोन टक्के. म्हणजे मुखपृष्ठ आणि अर्पणपत्रिका. मराठी पुस्तकं कुठे, विचारलं तर म्हणाला, "खाली जा, झेडच्या खाली." इंग्रजी अक्षरं संपली की मग आपली पंगत. त्यातल्या निम्म्यांची नावं 'फायनल न्यू दोन' असली. बारशाला कोणी आलंच नसावं.

संदीप आणि सून हिंजवडीला ऑफिसात गेली की मी टॅब आवरायला बसायची. नावं नीट घातली. अक्षर मोठं केलं. भडक चित्रं काढून तुमच्या नातवाने पाठवलेले गावचे फोटो लावले. परसातली चिंच लावली. त्याच्या नंतरच्या फोटोत तिथे तुमची गाडी उभी होती. चिंच गाडीला आड येत होती म्हणे.

"चौथी झाली, पत्र वाचता येतं, पुरे," असं माझे वडील म्हणायचे. पत्रं कोणी पाठवली नाहीत, म्हणून मी कादंबऱ्या वाचल्या. टॅबवर त्यांचे कप्पे केले: परत वाचायच्या, रडवणाऱ्या, नुसत्याच जाड. संदीपच्या पुस्तकांना एकच कप्पा पुरला. नाव दिलं, 'संदीपने न वाचलेली'.

एका रविवारी त्याच्या ऑफिसची मंडळी जेवायला आली. "माय लायब्ररी," म्हणत ह्याने टॅब पुढे केला. त्यातल्या एकाने मोठ्याने वाचलं, "संदीपने न वाचलेली... अरे, ही तर सगळीच आहेत!" सून हसू दाबत किचनमध्ये पळाली. मला चारचौघांत बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी कोशिंबीर वाढत राहिले.

पाहुणे गेल्यावर संदीप म्हणाला, "आई, तुला कोणी सांगितले होते गं हे उद्योग? शनिवारी रीसेट मारतो. होतं तसं करून टाकतो."

म्हणजे नावं, कप्पे, वाचता वाचता केलेल्या खुणा, सगळं पुसणार. अक्का, गावी मी सासूबाईंच्या पायथ्याशी झोपले, इथे हॉलमध्ये टीव्हीसमोर झोपते. माझ्या साड्या सुनेच्या कपाटात खालच्या खणात आहेत. माझ्या मनाने लावलेलं असं त्या टॅबखेरीज काही नव्हतं.

शुक्रवारी मी टॅबला पिन घातला, म्हणजे आकड्यांचं कुलूप. संदीपच्या पुस्तकांमधल्या एकात तो कसा घालायचा हे लिहिलेलं असेल. मी आपलं सेटिंगमध्ये शोधलं.

शनिवारी तो टॅब घेऊन आला. "आई, पिन काय ठेवलास?"

"नाही सांगत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सांगत."

सूनबाई म्हणाली, "अहो, राहू द्या ना. तुम्ही तरी कुठे वाचता?" त्याने टॅब माझ्या अंथरुणावर टाकला आणि गेला.

हे तुम्हाला पाठवणार नाही. पाठवलं तर नातू वाचून दाखवील आणि मग गावभर सांगत सुटेल. पण तुम्ही फोनवर विचारता ना, "घरी कवा येनार?" कुठल्या घरी, अक्का? ज्याची कडी मी आतून लावू शकते त्याला मी घर म्हणते. तसं एकच मिळालंय आणि सध्या मी तिथेच आहे. पाहुण्यांची सोय नाही.