ल्वार नदीतला बगळा

"बार्ज? कुठली बार्ज?" फ्रान्सहून एजंट विचारत होता.

मस्कतच्या ऑफिसात खुर्चीत रेलून मी म्हणालो, "ल्वार नदीतून माल नेणारी. दुसरी कुठली?"

तो अगदी हळू म्हणाला, "मिस्टर सावंत, तुम्ही ल्वार पाहिली आहे?"

पाहिली होती. नकाशावर. छान जाड, निळी.

मी फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये आहे. म्हणजे एकाचा माल दुसऱ्याकडे पोचवायचा आणि न पोचल्यास शिव्या आपण खायच्या. या वेळी माल म्हणजे एक सव्वीस फुटी लाकडी होडी. इथल्याच, ओमानमधल्या सूर बंदरात ती बांधली होती रत्नागिरीच्या हमीदचाचांनी. चाचांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून ही शेवटची. ल्वारकाठच्या एका गावात नदीचा उत्सव होता. तिथे ती पहिल्यांदा पाण्यात उतरणार आणि चाचा समोर उभे राहून बघणार. व्हिसा, तिकीट, नवा कोट, सगळं तयार.

"सावंत, पोरगी सासरी नीट पोचव हां," चाचांनी बजावलं होतं.

एजंटाने पहिल्याच मेलमध्ये लिहिलं होतं, गाव बंदरापासून बरंच आत आहे, रस्त्यानेच न्या, परवान्याचा अर्ज आत्ताच करा. मला हसू आलं. मी दाभोळचा. खाडीतून मचवे थेट आत गोवळकोटपर्यंत जायचे, हे आजोबांकडून ऐकत वाढलो. फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी दाराशी असताना रस्ता? मी रस्ता रद्द केला. अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, पाठ थोपटली. लांब म्हणजे खोल असं कुणीच म्हटलं नव्हतं, ते माझं मीच धरलं.

आता होडी फ्रान्सच्या बंदरात उतरलेली आणि उरला तो रस्ताच. रुंद मालाला परवाना लागतो. तो देतो प्रीफे, आपला कलेक्टर समजा. तिथे जिल्ह्यांना नद्यांचीच नावं. ल्वार-आत्लांतिक, मेन-ए-ल्वार, अँद्र-ए-ल्वार. वाचताना एका घरातली भावंडं वाटतात. पण वाटेतल्या प्रत्येकाला विचारायचं, कारण प्रत्येकाचे पूल वेगळे आणि सुट्टीवर गेलेला साहेबही वेगळा.

"किती दिवस?" मी एजंटाला विचारलं.

"तीन आठवडे."

उत्सवाला नऊ दिवस होते.

"खलास?" अर्बाबने विचारलं. मी मान खाली घातली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सूरला जाऊन चाचांना सांगितलं. ते रंध्यावरचा भुसा झटकत राहिले. "तिकीट काढलंय तर जातो. नदी तरी बघतो."

उत्सवाच्या दिवशी चाचांचा व्हिडिओ कॉल आला. नवा कोट, मागे बँड, झेंडे. चाचांनी फोन नदीकडे वळवला. मध्यभागी वाळूचे पट्टे आणि भर पात्रात एक बगळा उभा.

"सावंत, बघ. त्याचे गुडघेसुद्धा भिजलेले नाहीत."



होडी पोचली, उत्सव संपून महिना झाल्यावर. गावाने ती टाऊन हॉलसमोर ठेवली. आत माती भरून फुलझाडं लावली आहेत. फोटो माझ्याकडे आहे. चाचा आता रत्नागिरीला असतात. त्यांना तो पाठवलेला नाही.

तेव्हापासून नकाशावर निळी रेघ दिसली की मी आधी तिथल्या माणसाला फोन करतो आणि तो सांगेल ते लिहून घेतो. शहाणपण आलं, पण होडी आधी गेली.

दर ईदला चाचांचा फोन येतो. "काय रे, उतरली का पाण्यात?"

"इन्शाल्ला, चाचा," मी म्हणतो.