भुवईवरची खूण

दादा फोटो काढतो आणि धाकटी त्या माणसाला माणसांत आणते, असं गल्लीत म्हणत. म्हणणाऱ्यांना थट्टाच करायची असे, पण त्यात खोटं काही नव्हतं. दादाच्या स्टुडिओत आलेलं माणूस घामेजलेलं, बावरलेलं, पाठीला फळी बांधल्यासारखं ताठ बसे. दादा "हं, हलू नका" म्हणून खटका दाबी आणि मोकळा होई. पुढचं निस्तरायला ती निगेटिव्ह पडद्यामागच्या खोलीत धाकटीकडे जाई. धाकटी म्हणजे त्याची पाठची बहीण. तिचे केस पांढरे झाले तरी दादा तिला धाकटीच म्हणे, आणि त्याचं ऐकून गिऱ्हाइकंही तिला धाकट्या बाई म्हणू लागली होती.

तिच्या टेबलावर एक तिरकी काच होती, काचेमागे दिवा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक केलेली पेन्सिल घेऊन बसायचं, हा तिचा दिवस. निगेटिव्हवर सगळा उलटा कारभार. गालावरची काळी पुटकुळी तिथे पांढरा ठिपका होऊन बसते. तो ती पेन्सिलीने बुजवी. चेहऱ्यावर जे पांढरं चमकतं, एखादा जुना व्रण म्हणा, ते तिथे काळं उमटतं. ते बारीक पात्याने खरवडून काढावं लागे. पेन्सिल केव्हाही पुसता येते, पात्याने काढलेलं काही केल्या परत येत नाही. म्हणून ती पातं हातात घेई तेव्हा दादाने अवाक्षर काढायचं नाही असा दंडक होता. दादाला ते फार जड जाई.

आपण लोकांचं भलंच करतो याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. चामखिळीसकट आपलं तोंड भिंतीवर टांगायची कोणाला हौस असते? रस्त्याने जाताना माणसं भेटली की तिची नजर आधी डागावर जाई. समोरच्या न्हाव्याच्या नाकावरचा मस तर तिने मनातल्या मनात कितीदा तरी काढला होता. न्हावी बापडा आपल्याला बाई ओळख देतात म्हणून हसायचा.

एक दिवस शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा गेल्या महिन्यात कारखान्यात मशीनमध्ये सापडून गेला होता. त्याच कारखान्यात नोकरीला लागताना त्याने इथे फोटो काढला होता. त्याचा फोटो म्हणून घरात तेवढाच, अंगठ्याएवढा. तो मोठा करून हवा होता. दादाने जुनी पाकिटं उपसून निगेटिव्ह शोधली, मोठा फोटो काढला, चौकटीत बसवला, आणि आठवड्याने बाई न्यायला आल्या तेव्हा त्यांच्या हातात दिला.

बाईंनी तो बराच वेळ पाहिला. मग काउंटरवर पालथा ठेवला.

"हा माझा नाही."

"असं कसं म्हणता? तुमच्याच फोटोवरून शोधला की."

"छोट्यात कळलं नाही मला. त्याच्या डाव्या भुवईवर खूण होती. ती कुठंय?"

पडद्यामागे धाकटीने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

दादा आत आला. "उजेडामुळे आली नसेल म्हणून त्यांना सांगतो," तो हळूच म्हणाला. "तुला काही आठवतंय का?"

"नाही."

"चेहराही नाही?"

"मी डाग बघते रे दादा. माणूस कुठे बघते."

हे बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. इतकी वर्षं ती हे काम करत होती, पण असं कधी तिच्या तोंडून आलं नव्हतं. तिने चष्मा पुसला आणि पडदा सारून बाहेर आली.

"बाई, खूण मीच काढली असणार. पेन्सिलीने काढली असेल तर परत आणते. पात्याने काढली असेल तर मात्र..."

"तर?"

"तर गेली."

बाई रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. "बघा तुम्ही. मी थांबते."

धाकटीने निगेटिव्ह काचेवर ठेवली, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि जीव मुठीत धरून हलक्या हाताने फिरवला. पेन्सिल निघू लागली. गालावरचे ठिपके एकेक करून परत आले, डोळ्यांखालचा थकवा परत आला. भुवईकडे यायचं ती टाळत होती. शेवटी भिंग तिथे नेलं. भुवईच्या टोकाशी बारीक, एकसारखे ओरखडे होते. पात्याचे. काम इतकं सफाईचं होतं की एरवी तिने ते दादाला कौतुकाने दाखवलं असतं. आता स्वतःच्या हाताची तिला चीड आली.

"गेली, बाई," ती म्हणाली. "माझ्या हातून गेली."

बाई स्टुलावरून उठल्या. मग म्हणाल्या, "बाकीचं आलंय ना परत? तेवढं तरी छापून द्या."

अंधाऱ्या खोलीत परक्या माणसाला पाऊल ठेवू द्यायचं नाही, हा दादाचा नियम. त्या दुपारी त्याने स्वतःच दार धरून ठेवलं. लाल दिव्यात तिघं ट्रेभोवती उभी राहिली. निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या एनलार्जरखालचा कोरा कागद दादाने पाण्यात सोडावा तसा डेव्हलपरमध्ये सोडला आणि ट्रे एका बाजूने हलकेच उचलत, सोडत राहिला. आधी केस आले, मग डोळे, मग गालावरच्या पुटकुळ्या.

"हं," बाई म्हणाल्या. "हा आला." आणि लगेच, "चेहरा धुवत जा म्हणून किती ओरडायची मी."

दादा हसला आणि मग हसल्याबद्दल वरमला. कागद चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत गेला, पाण्यात गेला, चिमट्याने दोरीवर गेला. भुवई मात्र कोरीच होती, आणि तिघांचेही डोळे पुन्हा पुन्हा तिथेच जात होते.

फोटो वाळेपर्यंत बाई धाकटीच्या टेबलाशी बसल्या. विचारलं नव्हतं तरी सांगू लागल्या.

"ती खूण पडून नव्हती झालेली. मी ढकललं होतं. कपडा वेळेत द्यायचा होता, हा सारखा मध्ये मध्ये करत होता. ढकलला तो शिलाई मशीनच्या कडेवर आपटला. लोकांनी विचारलं की म्हणायचा, खेळताना लागलं. मोठा झाला तरी तेच सांगायचा. रात्री झोपला की मी त्या खुणेवरून बोट फिरवायची. त्याला वाटायचं, मला माहीत नाही तो जागा असतो ते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "खूण नसलेला फोटो घेऊन मी काय करू, ताई? मी काही केलंच नाही असं वाटेल मला."

धाकटीला रडू आवरेना. लोकांचं भलं करते म्हणून इतकी वर्षं तिने काय काय पुसून टाकलं होतं, कोण जाणे. त्या माणसांतलं कोणी विचारायला परत आलं नव्हतं एवढंच.

तिने वाळलेला फोटो समोर घेतला आणि तेच पातं उचललं. "कागद खरवडला की पांढरा होतो," ती म्हणाली. "फोटोत कधी कोणाला खूण केलेली नाही मी. कुठे होती ते बोटाने दाखवा. मी हळूहळू जाते."

बाईंनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं, मग फोटोवर. "इथून सुरू. अशी तिरकी."

पात्याचं टोक कागदाला टेकलं. दादा दारात उभा होता, तोंड गच्च मिटून.

"एवढी?"

"अजून लांब."

"एवढी पुरे?"

"खाली जाडी होती. टाका घातला नव्हता ना."

धाकटीने खाली थोडं आणखी खरवडलं. मग पातं बाजूला ठेवून तिने कागदावरची भुकटी फुंकली. फोटोतल्या मुलाच्या डाव्या भुवईवर पांढरा तिरका व्रण होता.

दादाने जवळ येऊन फोटो उजेडात तिरपा धरला. "छान झालंय. फक्त तिथे खडबडीत राहिलंय, वरून मेण फिरवून घे. काही कळणार नाही."

"राहू दे," धाकटी म्हणाली.

तिने फोटो बाईंच्या मांडीवर ठेवला. बाईंनी उजवा हात पुढे केला, जरा थांबल्या, आणि त्या व्रणावरून बोट फिरवलं. वरून खाली. पुन्हा वरून खाली.

"लागते," त्या म्हणाल्या. "हाताला लागते."

फोटोला काच बसवू नका, एवढंच त्यांनी दादाला सांगितलं.