पांगाऱ्याच्या कपाळावर

नाशिक रोडला उतरले तेव्हा सकाळचं कोवळं ऊन फलाटावर आलं होतं. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात संत्रा बर्फीचा डबा. नागपूरचं माणूस बर्फीशिवाय कुठे जात नाही आणि नाशिककर चिवड्याशिवाय कुणाला परत पाठवत नाहीत, हा दोन गावांमधला जुना व्यवहार आहे. माझा जन्म इथला, संसार तिथला, त्यामुळे मी दोन्हीकडून खाते.

यावेळी मात्र मी खायला आले नव्हते. आठवड्यापूर्वी ऋजुता नावाच्या एका मुलीचा फोन आला होता. माझे वडील नाशिकच्या ज्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, तिथे ती आता संशोधन करते. तिथल्या संग्रहात वाळवून मोठ्या कागदांवर चिकटवलेल्या फांद्या कपाटं भरून आहेत. प्रत्येक कागदावर झाडाचं नाव, ठिकाण आणि तारीख. या सगळ्यांचे फोटो काढून ऋजुता ते संगणकाला दाखवते. कळी कोणती, फूल कोणतं, फळ कोणतं हे त्याला शिकवलंय. एकदा शिकला की तो हजारो कागद चाळून सांगतो, अमुक झाड पूर्वी कधी फुलायचं. आताच्या फुलण्याशी ते ताडून पाहिलं की हवामान बदलल्यानं झाडांचं वेळापत्रक किती बिघडलं ते कळतं.

"काकू, सरांचे कागद फार गोंधळ घालतायत," ती चाचरत म्हणाली होती. "पावसाळ्याच्या तारखा आहेत आणि यंत्राला त्यावर फुलं दिसतायत. पांगारा सप्टेंबरात फुलत नाही ना. तारखा नंतर अंदाजानं टाकल्या असाव्यात, असं आमच्यातले काही म्हणतात. तसं असेल तर त्यांचा सगळाच संग्रह बाजूला ठेवावा लागेल."

अंदाजानं! रोजचा पेपर वाचून झाला की त्यावरही तारीख टाकणारा माणूस तो. माझ्या बाबांच्या तारखेवर कुणी शंका घ्यावी, याचा मला इतका राग आला की फोन ठेवल्यावर मी लगेच तिकीट काढलं.

स्टेशनबाहेर पडल्यावर रिक्षा मुद्दाम आमच्या जुन्या कॉलनीवरून घ्यायला लावली. आमच्या दोन खोल्यांच्या जागी आता लिफ्टवाली इमारत उभी आहे. त्या दोन खोल्यांत दुपारी आई सुई-दोरा घेऊन बसायची. बाबा रानातून फांद्या आणायचे, दाबून वाळवायचे आणि आई त्या कागदावर पांढऱ्या दोऱ्यानं टाके घालून बसवायची. टाका असा की पान हलायचं नाही आणि दोरा दिसायचा नाही. शेजारच्या बायकांना बरेच दिवस वाटत होतं, सरांकडे पत्रावळी लावायचा जोडधंदा आहे. रिक्षावाला म्हणाला, "ताई, कोनाला भेटायचंय का इथं?" मी म्हटलं, "नाही, चला."

कॉलेजात ऋजुता दारातच भेटली. बारीक चणीची, गळ्यात ओळखपत्र, बोलताना सारखा चष्मा वर सारणारी. भांडायच्या तयारीनं गेलेली मी, पण तिनं वाकून नमस्कारच केला, त्यामुळे माझी पंचाईत झाली. कपाटांची किल्ली सांभाळणारे गृहस्थ रजेवर होते, म्हणून त्या दिवशी सगळं पडद्यावरच पाहिलं. पांगाऱ्याची फांदी, तीन-तीन पानं आणि टोकाशी यंत्रानं काढलेली एक लाल चौकट. आत तपकिरी-लालसर डाग. खाली लिहिलेलं: फूल.

"वाळलेलं पांगाऱ्याचं फूल असंच दिसतं," ऋजुता म्हणाली. "आणि गंमत म्हणजे, एकाच झाडाला वर्षभर भेटणारे सर एकटेच. बाकीच्यांनी फक्त फुलातली झाडं आणली. हा संग्रह गेला तर माझ्या अभ्यासाचा कणाच जाईल हो."

म्हणजे तिलाही तो हवाच होता. माझा राग तिथेच निम्मा उतरला. उरलेला निम्मा कॉलेजसमोरच्या मिसळीनं उतरवला. सावजी खाणाऱ्या बाईला काय तिखट लागणार, अशा तोऱ्यात मी रस्सा दोनदा मागितला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकले. ऋजुतानं दह्याची वाटी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेठ नाक्यावरून जीपमध्ये बसलो. कागदावर ठिकाण होतं सावळघाट. तिथे एखादा पांगारा खरोखरच अवेळी फुलत असेल, तर बाबांची तारीख खरी ठरणार होती. उजवीकडे रामशेजचा किल्ला मागे पडला, द्राक्षबागा संपल्या आणि डोंगर सुरू झाले. उतारांवर तेरडा गुलाबी, सोनकी पिवळी आणि खाचरांत भात पोटरीला आलेला. याच रस्त्यानं लहानपणी एसटीत बाबांच्या मांडीवर बसून जायचे मी. ते दर वळणावर झाडांची नावं विचारायचे आणि मी दर वळणावर गोळी मागायचे.

घाटात जीप पंक्चर झाली. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे बघत म्हणाला, "स्टेपनी बी बसलीय. घंटाभर लागंल, कुनाला चालायचं त्यानं चाला." आम्ही चालू लागलो. वळणापलीकडे एका शेताच्या बांधावर पांगारा दिसला. चांगला उंच, काटेरी, हिरव्यागार पानांनी भरलेला. फूल औषधालाही नव्हतं.

बांधाशी एक बाई गवत कापत होत्या. यमुनाबाई नाव. ऋजुतानं विचारलं, "मावशी, या झाडाला या दिवसांत कधी फूल येतं का हो?"

त्या हसायला लागल्या. "आता कुठलं फूल? शिमग्याला (होळीला) या, मंग बघा. लाल लाल व्हतंय."

"आणि पूर्वी? पावसाळ्यात कधी?"

"नाय बा. माझं लगीन झालं तवापासून तं नाय."

ऋजुतानं माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहत राहिले. म्हणजे बाबा चुकले होते? त्या उन्हात मला एकदम थकल्यासारखं झालं. ते यमुनाबाईंना दिसलं असावं. त्या घरी घेऊन गेल्या आणि नागलीची (नाचणीची) गरम भाकरी, उडदाचं वरण आणि मिरचीचा ठेचा समोर ठेवला. भाकरी चुलीवरची. तिच्या पापुद्र्याला आईच्या भाकरीसारखा धुराचा वास होता. ऋजुतानं झाडाची एक फांदी मागून घेतली आणि बरोबर आणलेल्या कागदांत दाबून बांधली.

निघताना यमुनाबाईंनी आतून करंडा आणला. आधी मला हळद लावली, मग कुंकवाचं बोट कपाळावर टेकवलं. मी खाली मान घातली आणि त्या क्षणी अंगावर सर्रकन काटा आला. आईचंही असंच अनामिकेचं बोट, असंच किंचित दाबून.

"ऋजुता," मी म्हटलं, "ते कपाट उद्या उघडेल ना?"

दुसऱ्या दिवशी किल्ली आली. कापूर आणि जुन्या कागदाचा वास सुटला. ऋजुतानं पांगाऱ्याचा कागद टेबलावर ठेवला. फांदी तशीच, आईचे न दिसणारे टाके तसेच. आणि टोकाच्या पानाच्या जरा वर, कागदावर, फिकट झालेलं कुंकवाचं बोट. भिंग धरल्यावर बोटाच्या रेषासुद्धा दिसल्या.

मला हसू आलं आणि रडूही. खंडेनवमीला कॉलेजात सूक्ष्मदर्शकांची पूजा व्हायची. आई तबक घेऊन यायची आणि त्या वर्षी शिवलेल्या प्रत्येक कागदाला कुंकू लावायची. बाबा वैतागायचे.

"अगं, हे शास्त्र आहे, सत्यनारायण नाही!"

"असू दे. शिलाई मशीनला लावते, मग वर्षभर शिवलेल्या यांना नको?"

"आणि झाडाला कपाळ कुठे असतं?"

"शेंड्याला," आई म्हणायची. तिच्या दृष्टीनं विषय तिथे संपायचा.

हे सगळं ऐकून ऋजुता खुर्चीत मटकन बसली. मग चष्मा वर सारून म्हणाली, "म्हणजे तारखा बरोबर आहेत. चूक आमची आहे, यंत्राला कुंकू माहीतच नाही!"

"मग शिकवा," मी म्हटलं.

तिनं खरंच शिकवलं. कळी, फूल, फळ यांच्या जोडीला एक नवा रकाना केला: कुंकू. मी शेजारी बसून आईची बोटं ओळखून द्यायची आणि तिनं चौकट काढायची. मधल्या वेळात घाटातली पांगाऱ्याची फांदी मी कागदावर शिवली. माझे टाके दिसतात. आई असती तर उसवायला लावले असते.

परतायच्या दिवशी सकाळी ऋजुतानं बोलावलं. यंत्रानं सगळी कपाटं नव्यानं चाळली होती. पडद्यावर ओळीनं कागद येत होते आणि प्रत्येकाखाली: फूल नाही, कुंकू आहे. ज्या बाईचं नाव एकाही कागदावर नाही, तिला त्यानं एकेका शेंड्यावरून शोधून काढलं होतं. मी बघत बसले. आई गेली त्या वर्षापर्यंतचे कागद आले. आता संपलं, असं वाटून मी पर्स उचलली.

"थांबा काकू, अजून आहेत," ऋजुता म्हणाली.

पुढच्या कागदांवर टाके नव्हते. फांद्या कागदी पट्ट्यांनी, वेड्यावाकड्या चिकटवलेल्या. बाबांना सुई धरता येत नव्हती. तारखा आई गेल्यानंतरच्या. आणि प्रत्येकावर कुंकू होतं. अनामिकेचं नाही, अंगठ्याचं, मोठं, फरकटलेलं. निवृत्त होईपर्यंतच्या एकाही वर्षाचा खंड नव्हता.

आईचे दिवस झाले आणि बाबा लगेच कॉलेजात गेले होते. नंतर कधी त्यांनी तिचं नाव घेतलं नाही की डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ते मी इतकी वर्षं मनात धरून बसले होते. पडद्यासमोर मी लहान मुलीसारखी रडले. ऋजुता बिचारी पाणी आणायला धावली.

गाडीत बसल्यावर घरून फोन आला. "काय झालं बाबांच्या तारखांचं?" आमच्या ह्यांनी विचारलं. "सगळ्या बरोबर निघाल्या," मी म्हटलं. खिडकीबाहेर द्राक्षबागा मागे जात होत्या. मांडीवर ऋजुतानं दिलेला चिवडा होता आणि एका कागदाचा फोटो. बाबांचा ठसा गबाळा होता, पट्टी वाकडी होती, पण कुंकू नेमकं शेंड्याला होतं. झाडाला कपाळ कुठे असतं, हे त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नव्हतं.