काटेपूर्णेचं पाणी

मी सायकलवर एकट्यानं सिलोनला जाऊन आलो, ही गोष्ट आमच्या वस्तीत अजूनही सांगतात. पोरं विचारतात, "रस्त्यात वाघ भेटला काय जी?" मी मान हलवतो नि विषय बदलतो. वाघ भेटला नाही. पण भीती अमरावतीच्या नाक्यापासूनच मागच्या कॅरिअरवर बसलेली होती. ती कशाची होती, ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. सिलोनात बोधिवृक्ष आहे, खुद्द गयेच्या झाडाची फांदी नेऊन लावलेला, हे आईनं विहारात ऐकलं होतं. तिला त्याचं एक पान हवं होतं. मला नोकरी लागायची होती, अंगात रग होती, सायकल दणकट होती. निघताना तिनं पाण्याची बाटली हातात दिली आणि एकच गोष्ट बजावली.

"कोनी पुसलं, कोन होय, तं खरं सांगजो. पानी नाई देल्लं तं नाई देल्लं, फुडच्या गावात मांगजो. पन लपू नको, बापू. लपासाठी नाई झालो आपन बौद्ध."

मी हो म्हटलं.

मूर्तिजापूर सोडून अकोल्याकडे लागलो तर बाभळीचा काटा घुसला. पंक्चर काढणं मला येत होतं. धास्ती होती ती पंक्चर झालं की जमणाऱ्या माणसांची. शिवाय ट्यूबचं छिद्र शोधायला ती पाण्यात बुडवावी लागते, आणि घमेलंभर पाणी मागावं कुणाला? रस्त्याला लागून शेतकऱ्याचं एक घर होतं, दारात कापसाची बैलबंडी सोडलेली. ओसरीवर एक म्हातारी सरकी निवडत बसली होती. मी पाणी मागितलं.

"देतो नं. कोन होय तू?"

मी म्हणालो, "आपल्यातलाच, माय." तिनं आडनाव विचारलं. तोंडात आलं ते वर्गातल्या एका मुलाचं. कुठले, म्हणाली. तो चांदूर बाजारचा, म्हणून मी चांदूर बाजार म्हणालो.

वऱ्हाडात आडनाव चोरायचं तर असं चोरू नये. इथं कुणब्याच्या घरी आडनाव नि गाव सांगितलं की माणसं नातं उकरायला बसतात, आणि सापडल्याशिवाय उठत नाहीत. म्हातारी सरकी टाकून उभी राहिली.

"अवो माय! माह्या आत्याले थ्याच घरात देल्लं! म्हंजे तू माहा भाचा लागतं, लेका! अन् बाहेर कावून बसला? चाल घरात."

पाण्याच्या घमेल्याच्या जागी पाट आला, ताट आलं. भाकरी, वांग्याची भाजी, वर तेल. ती एकेक नाव घेई, "थो म्हतारा हाये काय अजून? थ्याचा गुडघा?" मी "हो, हो" म्हणे. एक "हो" चुकला तर तिची बाहेर बैल बांधणारी पोरं काय करतील, हे मला घासाघासाला दिसत होतं. मी कुठं चाललो हे ऐकल्यावर तिनं हात जोडले. सिलोन तिला ठाऊक नव्हतं, वाटेतलं रामेश्वर ठाऊक होतं.

"रामेश्वरचं पानी आनजो माह्यासाठी. वावरात शिंपडीन. तोवर मी चांदूरवाल्यायले पुसून ठेवतो, असा हिऱ्यासारखा पोरगा कोनाचा म्हून."

पंक्चर काढून निघालो. पुढचे दिवस मी पॅडल मारत होतो की पळत होतो, सांगता येत नाही. उतारावरही पाय थांबत नसत. तेलंगणात घामानं सीटवर मांड्या सोलवटल्या. तमिळ मुलखात ताप भरला, एका देवळाच्या भिंतीच्या सावलीत कुडकुडत पडलो. पण मराठी जशी मागे पडत गेली तशी भीतीही ओसरत गेली. कोण होय, हे मला कळेल अशा बोलीत विचारणारं कुणी उरलं नाही. खुणेनं पाणी मागावं, खुणेनं प्यावं.

आगबोटीतून सायकल उतरवली तर सिलोनचं रान लागलं. संध्याकाळी वळणावर हत्ती उभा होता. मी सायकल टाकून खंदकात पडून राहिलो. तो निघून गेल्यावर मला हसू आलं. ही भीती किती साधी होती! त्याला माझं आडनाव नको होतं. बोधिवृक्षाजवळच्या वृद्ध भिक्खूनं खाली पडलेलं एक पान माझ्या तळहातावर ठेवलं, तेव्हा मी मोठ्यानं रडलो. तिथं कुणी काही विचारलं नाही.

परतीला नांदेडच्या पुढे केव्हा तरी कुणी तरी हाक मारली, "कोन्या गावचा बे तू?" आपली बोली इतक्या दिवसांनी कानावर आली होती. माझे हात ब्रेकवर आवळले.

म्हातारीचं गाव टाळायचं म्हणून अकोल्याहून अकोटच्या अंगानं, आडरस्त्यानं जायचं ठरवलं. नेमका आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता. काळी माती चाकाला धरली, मडगार्डात भरली. काडीनं काढावी, चार पावलं जावं, पुन्हा चाक जाम. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन मागे फिरलो. पक्की सडक एकच होती, आणि ती तिच्या दारावरून जात होती.

रामेश्वरला मी थांबलोच नव्हतो. काटेपूर्णेच्या पुलाखाली उतरून मी बाटली भरली.

ती ओसरीवरच होती. मला पाहून ओरडली, "आला रे आला! चांदूरवाल्यायले पुसलं मी." मी सायकलचं तोंड सडकेकडे वळवलं. "थे मने, आमाले असा कोनी मालूम नाई. मी मनलं, जळो तुमचं जिनं, तुमाले आपलंच लेकरू मालूम नाई!"

बाटली तिनं कपाळाला लावली. मग घरातल्या सगळ्यांना बोलावलं आणि यात्रेहून आलेल्या माणसाच्या पाया पडतात तशी ती माझ्या पाया पडली. मागोमाग तिची पोरं, सुना. मी पाय मागे घेतले नाहीत. मागे घेतले तर का, हे सांगावं लागलं असतं. तिच्याच नदीचं पाणी तिनं पळीनं प्रत्येकाच्या हातावर दिलं, माझ्याही. मी प्यालो.

घरी आईनं पान डोळ्यांना लावलं. मग विचारलं, "रस्त्यानं पुसलं काय कोनी?"

"पुसलं."

"मंग?"

"खरं सांगितलं. पानी देल्लं, जेवूबी घातलं."

तिचा चेहरा उजळला तो मला अजून दिसतो. वस्तीत घरोघरी जाऊन तिनं सांगितलं, माह्या पोराले कोनी नाई म्हनलं नाई, आता दिवस बदलले.

पुढच्या उन्हाळ्यात ती मोर्शीकडे तिच्या बहिणीला भेटायला गेली. पुढची एष्टी चुकली म्हणून उरलेला रस्ता पायी. परतली ती दोन दिवस विहारात गेली नाही. तिसऱ्या दिवशी मी सायकलला तेल घालत होतो, ती उंबऱ्यात येऊन बसली.

"रस्त्यात एका घरी पानी मांगतलं मी. कोन होय पुसलं, खरं सांगतलं. तांब्या आत नेला बाईनं. दार लावून घेतलं." ती चाकाकडे पाहत म्हणाली, "तुले तं देल्लं होतं नं, बापू?"

"हो."

"मंग मलेच कावून नाई? माह्याच बोलन्यात काही चुकलं असंन."

तेलाची कुपी माझ्या हातात होती. तिच्याकडे पाहायची मला भीती वाटली.

"असंन," मी म्हणालो.