अंगठ्याची पारख

पुलगावात शाईच्या पेनासाठी वही घ्यायची, तर लोक चंद्रभानकाकांच्या दुकानात जात. काका शेवटच्या पानावर शाईने ‘श्री’ लिहीत, पान उलटून पाहत आणि मागे अक्षर उमटलं नाही तरच वही देत. अर्धांगवायूने उजवा हात गेल्यापासून मात्र ते डाव्या अंगठ्याने कागद चोळून पारख सांगत.

परवा कॉलेजातली जागृती वही परत घेऊन आली. “काका, शाई फुटून राह्यली.”

काकांनी पान उलटून पाहिलं. तिची सगळी अक्षरं मागे उमटली होती.

“अंगठाही खोटं बोलाले लागला काय वं?” ते हसले.

“होते एखादी चूक. दुसरी वही तुम्हीच निवडा.”

काकांनी गठ्ठ्यातली एक वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. मग त्यांनी पेन तिच्यापुढे सरकवलं.

“तूच पाह्य, पोरी. मले आता नाई समजत.”